पेशींचा प्राणवायू-बोध आणि प्रकाशाची साक्ष

जिवंत पेशीतील एखादे द्रव्य वेगळे न काढता त्याची ओळख कशी पटवावी, हा प्रश्न श्वसनाच्या अभ्यासकांपुढे दीर्घकाळ उभा होता. वुल्व्हरहॅम्प्टन येथे वैद्यकी करणाऱ्या मॅकमन यांनी १८८४ ते १८८६ या काळात प्राण्यांच्या ऊतकांत एका रंगद्रव्याचे शोषणपट्टे पाहिले होते. परंतु होप्पे-झायलर यांच्या विरोधामुळे ते संशोधन मागे पडले. १९२५ मध्ये केंब्रिज येथे कीलिन यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले. यीस्टमध्ये हवा मिसळली की पट्टे मावळत आणि प्राणवायू संपला की पुन्हा उमटत. या रंगद्रव्यास त्यांनी ‘सायटोक्रोम’ हे नाव दिले.

तथापि, प्राणवायूशी प्रत्यक्ष संयोग पावणारे एंझाइम इतके अल्प होते की ते असे डोळ्यांना दिसेना. येथे वारबुर्ग यांची युक्ती उपयोगी पडली. कार्बन मोनॉक्साइड व हीमोग्लोबिन यांचे संयुग प्रकाशात विघटित होते, हे हॉल्डेन व लॉरेन स्मिथ यांनी १८९६ मध्येच दाखविले होते. १९२६ मध्ये वारबुर्ग यांना आढळले की, त्याच वायूने मंदावलेले यीस्टचे श्वसन प्रकाश पडताच पुन्हा वाढते. मग नेगेलाइन यांच्यासह त्यांनी निरनिराळ्या तरंगलांब्यांचा प्रभाव मोजला. जो प्रकाश अधिक शोषला जातो तोच अधिक परिणामकारक ठरतो. म्हणून या मापनातून अदृश्य एंझाइमाचा वर्णपट रेखाटता आला. तो हीमवर्गीय द्रव्याचा होता. १९३१ चे नोबेल पारितोषिक वारबुर्ग यांस मिळाले.

प्राणवायू वापरणे आणि त्याची उणीव ओळखणे या मात्र दोन भिन्न क्रिया होत. रक्तातील ही उणीव मानेतील कॅरॉटिड पिंड ओळखतो. विल्सन, लाहिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांजराच्या या पिंडावर वारबुर्ग यांचीच रीत योजिली. अंधारात कार्बन मोनॉक्साइडने चेतातंतूंचे आवेग वाढत. प्रकाशात ते शमत. सर्वाधिक परिणाम सुमारे ४३२ व ५९० नॅनोमीटर येथे दिसला, आणि ही खूण सायटोक्रोम ए-३ ची होय.

येथे निष्कर्षाची मर्यादा ध्यानी ठेवावयास हवी. कार्बन मोनॉक्साइड कोठे बसतो हे प्रकाश सांगतो; बोधाची सारी साखळी त्याने उलगडत नाही. जनुकांच्या पातळीवरील निराळ्या प्राणवायू-बोधासाठी केलिन, रॅटक्लिफ व सेमेंझा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेथील एंझाइमे हीमवर्गीय नाहीत. जे द्रव्य प्रकाश शोषीत नाही, त्याविषयी ही रीत मूकच राहते.