एक किल्ला, एक पत्र, एक नकार

चेन्नईला बदली झाली तेव्हा पेन्शनला तीन वर्षं उरली होती. बरोबरीचे लोक सिक्युरिटीचा कोर्स, बँकेची परीक्षा असं काहीबाही बघत होते. मी मुक्त विद्यापीठातून इतिहासात एम.ए. करत होतो. शेवटच्या वर्षी शोधनिबंध होता आणि विषय आपणच निवडायचा होता. मी कागदावर लिहून टाकलं, 'चेन्नईचा इतिहास'. राज्याची राजधानी, मी राहतो तिथेच, अजून काय पाहिजे?

मार्गदर्शक सरांनी कागद वाचला आणि विचारलं, "सुभेदारसाहेब, अख्खं शहर एकदम ताब्यात घेणार? माणसं किती आहेत तुमच्याकडे?"

"एकटाच आहे, सर."

"वेळ?"

"सुट्टी मिळेल तेवढा."

"तमिळ वाचता येतं?"

"नाही."

"मग आधी एक चौकी घ्या," असं म्हणून त्यांनी कागद परत दिला.

चौकी शोधताना कळलं की या शहराच्या इतिहासात विषयांना तोटा नाही. १६३९ मध्ये दामर्ल वेंकटाद्री नायकाने कंपनीला किनाऱ्यावरची जागा दिली आणि सेंट जॉर्ज किल्ला उभा राहिला. तमिळनाडूची विधानसभा आणि सचिवालय आजही त्याच किल्ल्यात आहेत. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री जर्मन युद्धनौका एम्डेनने शहरावर तोफा डागल्या आणि बंदरातल्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. पण त्यावर भरपूर लिहून झालेलं आहे.

दुसरा विषय मराठी माणसाला जवळचा होता. मुंबईसारखाच प्रश्न इथेही पेटला होता, मद्रास कुणाचं? तेलुगू राज्यासाठी उपोषण करताना पोट्टी श्रीरामुलू यांचं १५ डिसेंबर १९५२ ला याच शहरात निधन झालं. १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र राज्य झालं, राजधानी कर्नूलला गेली आणि मद्रास तमिळ लोकांकडे राहिलं. विषय उत्तम, पण त्याचे निम्मे कागद तमिळमध्ये आणि निम्मे तेलुगूत. माझं हत्यार तिथे चालणार नव्हतं.

खरं सांगायचं तर मनात तिसराच विषय होता. जॉर्ज टाउनमध्ये थंबू चेट्टी स्ट्रीटवर कालिकांबाळचं मंदिर आहे. ३ ऑक्टोबर १६७७ ला शिवाजी महाराज इथे दर्शनाला येऊन गेले, असं तिथे सांगतात. आल्या आल्या मी पोरांना घेऊन तिथे गेलो होतो. शिवजयंतीला युनिटमध्ये मी हीच गोष्ट छाती फुगवून सांगितली आणि जयजयकाराने हॉल दणाणला होता. सरांना म्हटलं, यावरच लिहितो. सर एवढंच म्हणाले, "लिहा की. त्या काळचा कागद आणा."

एग्मोरला तमिळनाडू अभिलेखागार आहे. सेंट जॉर्ज किल्ल्यात कंपनीचं कौन्सिल बसायचं आणि रोजच्या कामकाजाची नोंद ठेवायचं. त्यातली १६७२ ते १६७८ ची वही मद्रास सरकारने १९१० मध्ये छापली. जुनं इंग्रजी, विचित्र स्पेलिंग, महाराजांचं नाव 'सेवाजी' असं. एकेक ओळ बोट ठेवून वाचली.

मे १६७७ ची नोंद सापडली. महाराज कर्नाटकाच्या मोहिमेवर आले होते. त्यांचा एक ब्राह्मण वकील पत्र घेऊन किल्ल्यात आला. मागणी होती विषावर उतारा म्हणून वापरायच्या खड्यांची आणि औषधांची. इंग्रजांनी वस्तू पाठवल्या, वर बागेतली फळं पाठवली आणि पैसे घेतले नाहीत. या माणसाची ताकद वाढते आहे, असं कारण त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

मग ३ ऑक्टोबरची नोंद आली. तारीख तीच! माझे हात थरथरले. पण नोंद दर्शनाची नव्हती. महाराजांनी पुन्हा पत्र पाठवून इंजिनिअर मागितले होते आणि कौन्सिलने गोड शब्दांत नकार दिला होता. कारणं दिली होती ती अशी: याने महाराजांची ताकद वाढेल, गोवळकोंडा आणि मोगल, दोघेही आपले शत्रू होतील, त्यांचे हेर मुलखात सगळीकडे पसरले आहेत, आणि ते स्वतः सैन्यासह दोन दिवसांच्या कूचवर आले आहेत.

त्या रात्री बॅरकमध्ये झोप लागली नाही. जी गोष्ट मी दोनशे जवानांना खरी म्हणून सांगितली होती, तिचा कागद माझ्याकडे नव्हता. महाराजांचं नाव घेऊन सांगितलेली गोष्ट, म्हणून जास्त टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी तीच नोंद पुन्हा वाचली, या वेळी फौजी म्हणून. इंजिनिअर कशाला हवे होते? वेल्लोरच्या भुईकोट किल्ल्याला तेव्हा मराठ्यांचा वेढा होता. पाण्याने भरलेला रुंद खंदक, त्यात मगरी. वेढा वर्षाहून जास्त चालला आणि किल्ला १६७८ मध्ये हाती आला. पत्राचा संबंध या वेढ्याशी असावा, असा माझा अंदाज आहे. दुसरा प्रश्न त्याहून मोठा. गोवळकोंड्याचा कुतुबशहा तर या मोहिमेत महाराजांचा दोस्त होता. मग महाराजांना मदत केली तर कुतुबशहा रागावेल, अशी भीती इंग्रजांना का वाटली? मद्रासची जमीन तेव्हा गोवळकोंड्याची होती आणि इंग्रज तिचा वर्षाला १,२०० पॅगोडा, म्हणजे होन, खंड भरत होते. जिंकलेल्या मुलखातला वाटा कुतुबशहाला मिळत नाहीये, हे किल्ल्यात कळलं होतं का?

इथे माझा विषय ठरला. एक किल्ला, एक पत्र, एक नकार. पुढे जे शहर अर्ध्या दक्षिणेची राजधानी झालं, ते १६७७ मध्ये तीन सत्तांच्या मधे जीव मुठीत धरून बसलेलं भाडेकरू होतं. हे त्याच्या स्वतःच्या वहीतून दाखवता येतं.

पुढच्या शिवजयंतीला मी पुन्हा उभा राहिलो. आधी म्हटलं, "गेल्या वर्षी मी जे सांगितलं त्याचा पुरावा मला मिळाला नाही." हॉल शांत झाला. मग वहीतली नोंद मराठीत वाचून दाखवली. दोन दिवसांच्या कूचवर आले, हे ऐकताच मागून एकाने आरोळी दिली आणि हॉल पुन्हा दणाणला. नंतर एका नव्या पोराने चहाच्या वेळी विचारलं, "म्हणजे महाराज मंदिरात आले नव्हते का, साहेब?"

"नव्हते असं मी म्हणत नाही. आले असतील. पण मी शपथेवर सांगू शकतो ते एवढंच."

पेन्शननंतर आपल्या गावाचा, रेजिमेंटचा इतिहास लिहू म्हणणारे बरेच भेटतात. त्यांना माझं एकच सांगणं आहे. विषय मोठा घेऊ नका. हाताला लागतील ते कागद आधी बघा आणि त्यांतून जो प्रश्न उठेल तो धरा. आवडती गोष्ट कागदात नसेल तर ती मनात ठेवा, निबंधात घालू नका. रेकी न करता रिपोर्ट लिहायचा नसतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

जय हिंद!