कयाकवरची मासेमारी : वल्हे निवडताना…

समुद्रातील मासेमारी म्हटली की डोळ्यांसमोर येतात ते ट्रॉलर, डिझेलचा धूर आणि भल्या पहाटे धक्क्यावर उतरणाऱ्या मासळीच्या टोपल्या. मात्र, एका माणसापुरत्या, इंजिन नसलेल्या छोट्या नावेतून गळाने मासे पकडण्याचा छंद जगभरच्या किनाऱ्यांवर रुजला असून, कोकणच्या खाड्यांतही तो हौशी मंडळींना खुणावू लागला आहे. नाव कोणती घ्यावी, गळ आणि रीळ कोणते घ्यावे यावर भरपूर खल होतो. वल्हे मात्र नावेबरोबर मिळेल ते घेतले जाते. वास्तविक कयाकचे इंजिन, सुकाणू आणि ब्रेक या तिन्ही गोष्टी म्हणजे वल्हेच होय.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवीय प्रदेशातील इन्युइट लोकांची नाव. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवली जाई व तिच्यातून सीलची शिकार होत असे. आज मासेमारीसाठी वापरली जाणारी कयाक बहुधा पॉलिएथिलिनची, वर उघडी बैठक असलेली आणि रुंद असते. आत शिरलेले पाणी तळाच्या छिद्रांवाटे निघून जाते. ही रुंदी नावेला स्थैर्य देते, पण वेग कमी करते. म्हणूनच वल्ह्याची निवड महत्त्वाची ठरते.

लांबी किती हवी?

वल्ह्याची लांबी नावेची रुंदी व वल्हवणाऱ्याची उंची यांवरून ठरते. साधारणपणे ६० सेंटिमीटरपर्यंत रुंदीच्या नावेला २१० ते २२० सेंटिमीटर, ६० ते ७० सेंटिमीटर रुंदीला २२० ते २३०, ७० ते ८० सेंटिमीटरला २३० ते २४० आणि त्याहून रुंद नावेला २४० ते २६० सेंटिमीटर लांबीचे वल्हे योग्य ठरते. उंच व्यक्तीने, तसेच नावेतील आसन उंचावर असल्यास, दहा सेंटिमीटर अधिक लांबी घ्यावी. आखूड वल्ह्याने प्रत्येक वेळी कडेला झुकावे लागते आणि बोटे नावेच्या काठावर घासतात. फार लांब वल्ह्याने नावेचे तोंड सतत डावी-उजवीकडे वळत राहते.

वजनाचा हिशेब

ॲल्युमिनियमचा दांडा व प्लॅस्टिकची पाती असलेले वल्हे स्वस्त आणि दणकट असते. पण त्याचे वजन एक किलोच्या वर जाते. शिवाय ॲल्युमिनियमला खाऱ्या पाण्याचा त्रास होतो. फायबरग्लासचे वल्हे त्याहून हलके, तर कार्बन फायबरचे सर्वांत हलके व तितकेच महाग. काही ग्रॅमसाठी एवढा खर्च कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र मिनिटाला ५० वेळा वल्हे मारले तर तासाला ३,००० वेळा ते उचलावे लागते. वल्हे २५० ग्रॅमने जड असल्यास तासाभरात ७५० किलोचा जादा भार खांद्यांवर पडतो. परतीच्या प्रवासात, वारा समोरून येत असताना, हा हिशेब चांगलाच जाणवतो. बजेट मर्यादित असेल तर फायबरग्लासचा दांडा आणि मजबूत प्लॅस्टिकची पाती हा मध्यम मार्ग उत्तम.

पात्याचा आकार

रुंद पाते अधिक पाणी ढकलते, पण लवकर थकवते. दिवसभराच्या मासेमारीसाठी अरुंद, लांबट पाते सोयीचे. वल्हे खांद्यापेक्षा खाली, आडव्या कोनात चालवावे व जोर केवळ दंडांचा न लावता कमरेपासून धड वळवून लावावा. पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे हवी. नवशिके हमखास ती उलटी धरतात. पात्याच्या दोन कडा असमान असतील तर लांब कड वर ठेवावी. दोन पात्यांमधील कोन बदलता येत असेल तर समोरच्या वाऱ्यात हवेतील पात्याला होणारा विरोध कमी करता येतो. काही वल्ह्यांच्या पात्याला अडकलेला गळ सोडवण्यासाठी खाचही असते. पाती पिवळी किंवा नारिंगी घ्यावीत. संकटात उंच धरलेले वल्हे दुरून दिसते.

मासा गळाला लागला की दोन्ही हात गुंततात आणि नेमके तेव्हाच वल्हे पाण्यात पडते. त्यामुळे ते दोरीने नावेला बांधलेले असावे. मात्र फुटत्या लाटांतून किनाऱ्याला लागताना ही दोरी अंगाभोवती गुंतू शकते, म्हणून त्याआधी ती सोडावी. दोन तुकड्यांत सुटणारे एक जादा वल्हे सोबत असणे केव्हाही चांगले. घरी परतल्यावर सांधा गोड्या पाण्याने धुवावा. वाळू आणि मीठ साचल्यास तो घट्ट बसतो.

वारा आणि ओहोटी

कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात व उन्हाळ्यात रात्री ते सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. दिवस चढला की समुद्राकडून खारे वारे सुरू होतात. पहाटे पाठीवर वारा घेऊन निघालेला नवखा माणूस सहज आत जातो आणि किनारा किती मागे पडला हे त्याच्या ध्यानी येत नाही. त्यात ओहोटी असेल तर धोका दुप्पट. रुंद कयाक शांत पाण्यात तासाला जेमतेम चार किलोमीटर जाते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात खाडीच्या मुखाशी ओहोटीचा प्रवाह याहून वेगवान असेल, तर कितीही वल्हवले तरी नाव मागेच जाणार.

भरतीचा अंदाज घेण्यासाठी मुंबई परिसरात जुना ठोकताळा आहे : तिथीला पाऊणपट करावी. चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता भरती येते. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्थात, निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे अधिकृत वेळापत्रक पाहावेच. सुरुवात खाडीच्या आतल्या, शांत पाण्यात करावी. जिताडा, तांबोशी यांसारखे मासे खारफुटीच्या आसऱ्यालाच असतात; त्यासाठी खुल्या समुद्रात जाण्याची गरज नाही.

लाइफ जॅकेट अंगात घातलेले असावे, आसनाखाली ठेवलेले नव्हे. शिटी, जलरोधक पिशवीत मोबाइल आणि पिण्याचे पाणी सोबत हवे. कोठे जाणार व केव्हा परतणार हे घरी सांगून निघावे. समुद्रातील आणीबाणीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. पावसाळ्यात खुल्या समुद्रात उतरूच नये. मालवणच्या १९८७ मध्ये घोषित झालेल्या सागरी अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्रांत, तसेच बंदरे व नौदलाच्या हद्दीत निर्बंध असल्याने स्थानिक मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी चौकशी करावी. त्याहूनही आधी किनाऱ्यावरच्या एखाद्या जाणत्या कोळ्याला विचारावे. तो ‘आज नको’ म्हणाला, तर वल्हे कितीही महागाचे असले तरी घरी परतावे.