बंद सिलिंडरचा शोध

ट्रकचं इंजिन मिसिंग करू लागलं की गॅरेजमध्ये पहिला प्रश्न ठरलेला: सहांपैकी कोणता सिलिंडर बंद आहे? आज उत्तर लॅपटॉप देतो. पण त्यात भरलेली रीत पान्याच्या काळातली आहे, आणि तिच्याआधीही एक पिढी होऊन गेली.

सिलिंडरच्या आत काय चाललंय हे बाहेरून पाहण्याचं साधन आधी वाफेच्या इंजिनासाठी झालं. जेम्स वॉटचा सहकारी जॉन सदर्न याने १७९६ मध्ये दाबमापकाला पेन्सिल आणि सरकती फळी जोडली; दट्ट्या हलेल तसा दाबाचा आलेख कागदावर उमटू लागला. वॉटच्या कंपनीने हा इंडिकेटर अनेक वर्षं गुपित ठेवला. १० ऑगस्ट १८९३ रोजी ऑग्सबुर्गला रुडॉल्फ डिझेलने आपल्या इंजिनात पहिल्यांदा इंधन पेटवलं, तेव्हा फुटला तो हा इंडिकेटरच. १८९७ चं त्याचं यशस्वी इंजिन मिनिटाला दीडशेच्या आसपास फेरे घेई. पेन्सिलीला तेवढं झेपायचं. ट्रकची इंजिनं हजाराच्या पुढे पळू लागली तिथे ती मागे पडली. शिवाय रस्त्याकडेच्या गॅरेजात असलं नाजूक यंत्र लावणार कोण?

बॉशचे इंजेक्शन पंप १९२७ पासून कारखान्यातून मोठ्या संख्येने निघू लागले, आणि वाट मोकळी झाली. पंपापासून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पाइप. इंजिन आयडलवर ठेवायचं, एकेका पाइपचा नट सैल करायचा. डिझेल बाहेर सांडतं, तो सिलिंडर थांबतो, इंजिनचा आवाज पडतो. ज्या नटाने आवाजात काडीचा फरक पडत नाही, तिथलाच सिलिंडर आधीपासून बंद. बिघाड सापडावा म्हणून धडधाकट चाललेलं एकेक थांबवून बघायचं, यापेक्षा देखणी युक्ती या धंद्यात मला दिसत नाही. १९५४ मध्ये जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक निघाले, आणि आपल्याकडच्या मिस्त्र्यांच्या कित्येक पिढ्या याच पान्यावर तयार झाल्या. सोबतीला धूर होताच: काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे इंजिन ऑइल खातंय.

१९९५ मध्ये जपानच्या डेन्सोची कॉमन रेल ट्रकमध्ये आली. सगळ्या इंजेक्टरांना एकच रेल, दाब हजार बारच्या वर. इथे चालू इंजिनवर नट सैल केला तर डिझेलची धार कातडी फोडून आत घुसते. हात गमवायची वेळ येते. पाना खाली ठेवावाच लागला. आता इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, एकेका इंजेक्टरचा करंट तोडतो आणि फेरे किती पडले ते सेन्सरवरून मोजतो. नाव कटआउट टेस्ट, डोकं जुन्या मिस्त्रीचंच.

स्कॅनरच्या कोडबद्दल मात्र इतकं प्रेम वाटत नाही. ‘एसपीएन १५७, एफएमआय १८’ म्हणजे रेलचा दाब हवा त्यापेक्षा कमी, एवढंच. तुंबलेला फिल्टर, लाइनीत शिरलेली हवा, थकलेला पंप, गळका इंजेक्टर, यांपैकी गुन्हेगार कोण ते कोड सांगत नाही. तरी कोड दिसताच महागडा पंप बदलणारे भेटतात. त्याआधी फिल्टर बघावा, हवा काढावी. मग इंजेक्टरांच्या रिटर्न नळ्या सोडवून प्रत्येकीखाली एकेक बाटली लावावी आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवावं. ज्या बाटलीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त डिझेल जमेल, तिचा इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर पाठवावा.