लाव्हाचा काठ आणि राखडीचा बंधारा

दख्खनच्या काळ्या पाषाणाची चादर सह्याद्रीकडून पूर्वेला येता येता पातळ होत जाते आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात, वरोरा व राजुऱ्याच्या बाजूला, तिचा काठ लागतो. त्यापलीकडे वैनगंगेच्या खोऱ्यात आणि गडचिरोलीच्या जंगलात पायाखाली येणारा खडक बहुतांशी त्याहून कितीतरी जुना आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाची ही सीमा आजही पिकांवरून ओळखता येते. वरोरा-भद्रावतीकडच्या काळ्या जमिनीत कापूस उभा असतो, तर ब्रह्मपुरी, सिंदेवाही आणि गडचिरोलीकडे धानाच्या बांध्या लागतात. ज्वालामुखीशी या प्रदेशाचा संबंध एवढाच आणि इतका जुना असल्याने राख हा इथल्या इतिहासाचा विषय होईल असे वरवर पाहता वाटत नाही. परंतु गेल्या चार दशकांत राखेचा सर्वाधिक सहवास महाराष्ट्राच्या ज्या मोजक्या शहरांना घडला, त्यांत चंद्रपूर आहे.

ज्वालामुखीची राख ही जळून उरलेली राख नव्हे. लाव्हारसात कोंडलेले वायू स्फोटाने मोकळे होताना त्या रसाचे आणि सभोवतालच्या खडकाचे जे बारीक चूर्ण उडते, त्याला राख म्हणण्याचा प्रघात आहे. तिच्या कणाला काचेच्या ठिकरीसारख्या धारा असतात आणि ती पाण्यात विरघळत नाही. दख्खनचे उद्रेक मात्र मुख्यतः भेगांमधून झाले, म्हणजे पातळ लाव्हा जमिनीच्या लांबलचक चिरांतून बाहेर येऊन पसरत गेला, आणि त्यामुळे या प्रदेशाच्या वाट्याला राखेपेक्षा दगड अधिक आला. दोन उद्रेकांच्या मध्ये शांततेचा मोठा काळ जात असे. त्या अवधीत तळी साचत आणि झाडेझुडपे वाढत, आणि पुढच्या लाव्हाखाली त्यांचा गाळ जतन होई.

लाव्हाच्या लगतच्या काळातील जीवसृष्टीचा पुरावा वरोरा तालुक्यातील पिजदुरा या गावाच्या शिवारात सापडला. ज्यांचे नाव आज नागपूरच्या एका महाविद्यालयाला आहे त्या पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथील जीवाश्मांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. जवळच्या डोंगरगाव टेकडीवर १९८० च्या दशकात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अभ्यासकांनी एका प्रचंड शाकाहारी डायनासोरचा सांगाडा उकरून काढला. १९९७ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि २००३ मध्ये त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘इसीसॉरस’ हे नाव मिळाले. पिजदुऱ्याच्या शेतांत हाडांइतकीच विष्ठाश्मे, म्हणजे दगड झालेली विष्ठा, आढळतात. २००५ मध्ये त्यांच्या तपासणीत गवताच्या पेशींतील सूक्ष्म सिलिकाकण मिळाले आणि डायनासोरांच्या काळात गवत नव्हते हा तोवरचा समज मोडला. जगाच्या जीवशास्त्राला दुरुस्ती पुरवणारे हे शिवार जिल्ह्यातील वाघांच्या मानाने फारच कमी लोकांना ठाऊक आहे, ही गोष्ट खेदाची म्हटली पाहिजे.

मानवाच्या काळातील ज्वालामुखी या भूमीवर नव्हते, पण त्यांची राख दूरवरून भारतात आली. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे राखेचा जो थर आहे, तो सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीचा मानला जातो. मात्र तो टोबाच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या शेवटच्या महाउद्रेकातला की त्याहून पुष्कळ जुन्या उद्रेकातला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकाटोआचा स्फोट झाल्यानंतर सप्टेंबरात मद्रास आणि सिलोनकडील लोकांना सूर्य हिरवट दिसला. अशा राखेने डोळ्यांना रंग दाखवले, पण वाहतूक अडवण्याइतकी ती त्या काळी कोणाच्या वाटेत येत नव्हती, कारण तिच्या उंचीवर तेव्हा कोणीच प्रवास करीत नव्हते.

ती वाटेत आली तो दिवस नेमका सांगता येतो. २४ जून १९८२ च्या रात्री लंडनहून ऑकलंडकडे निघालेले आणि मुंबईत थांबा घेऊन पुढे गेलेले ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ जावा बेटावरील गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले आणि त्याची चारही इंजिने बंद पडली. जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षातील उष्णता राखेतील काच वितळण्यास लागणाऱ्या उष्णतेहून अधिक असते. आत खेचली गेलेली राख तेथे वितळते आणि पुढच्या पात्यांवर पुन्हा घट्ट होऊन हवेचा मार्ग बुजवते. बाहेरची राख समोरची काच खरवडून अंध करते आणि वेगमापक नळ्या तुंबवते. तिचे कण इतके बारीक असतात की विमानातील पावसाचे ढग दाखवणाऱ्या रडारवर ते उमटत नाहीत. ते विमान निम्म्याहून अधिक उंची गमावून राखेबाहेर आले, इंजिने थंड होताच गोठलेली काच तडकून सुटली, ती पुन्हा सुरू झाली आणि विमान जकार्त्यास उतरले. १९८९ मध्ये अलास्कात तसाच प्रसंग दुसऱ्या विमानावर ओढवल्यावर राखेची वर्दी देणारी नऊ केंद्रे जगभर नेमण्यात आली. राख कोठे आहे, किती उंचीवर आहे आणि पुढील तासांत कोणीकडे सरकेल, हे ती सांगतात. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या राखेने युरोपचे आकाश जवळपास आठवडाभर मिटले आणि सुमारे १ लाख उड्डाणे रद्द झाली, ती याच व्यवस्थेच्या सावधगिरीमुळे.

भारताला हा अनुभव २०२५ मध्ये आला. इथिओपियातील हेली गुब्बी या ज्वालामुखीच्या उद्रेकाची गेल्या सुमारे बारा हजार वर्षांत नोंद नव्हती. २३ नोव्हेंबरला तो फुटला, राख सुमारे १४ किलोमीटर उंच गेली आणि येमेन, ओमान व अरबी समुद्र ओलांडून दुसऱ्याच रात्री गुजरात-राजस्थानमार्गे दिल्लीच्या आकाशात पोहोचली. पश्चिम आशियाकडील काही उड्डाणे रद्द झाली, काही विमानांची तपासणी झाली आणि २५ तारखेच्या संध्याकाळपर्यंत ढग चीनकडे सरकला. चंद्रपूरकरांना यातले काहीच जाणवले नाही. नियमित विमानसेवेसाठी त्यांना नागपूर गाठावे लागते, आणि तो ढग विदर्भाच्या पुष्कळ उत्तरेकडून गेला.

त्यांच्या वाट्याची राख वेगळ्या वाटेने येते. वर्धा खोऱ्यातील कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या गोंडवन काळातील आहे. त्या काळच्या वनस्पतींचे अवशेष नद्यांच्या गाळासकट साचले, त्यामुळे मातीचा अंश कोळशातच मुरून राहिला. अशा कोळशाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून अधिक, जळत नाही. वरोऱ्याची सरकारी खाण १८७० च्या दशकात चालू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. नंतर बल्लारपूरची खाण पुढे आली. त्या काळी हा कोळसा रेल्वेने दूरदूर जाऊन जळत असे, म्हणून त्याची राखही विखुरलेली राहिली. ती एका जागी साठू लागली ती १९८३ मध्ये, जेव्हा दुर्गापूरजवळ चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच चालू झाला. त्याच्या आदल्याच वर्षी जावावर ते विमान राखेत सापडले होते, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला होता. खाणी आणि धुरांडी चंद्रपूरकडे राहिली, जंगलाचा मोठा भाग गडचिरोलीकडे गेला.

या केंद्राची सध्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे. कोळशाची भुकटी भट्टीत जळते तेव्हा तिच्यातील मातीचा अंश वितळतो आणि धुराबरोबर वर जाता जाता थंड होऊन बारीक गोल कण बनतो. ज्वालामुखीच्या कणासारखाच हाही सिलिकाप्रधान काचेचा असतो, मात्र याला धार नसते. काही कण तर आतून पोकळ असतात आणि राखेच्या तळ्यावर पांढुरक्या सायीसारखे तरंगतात. विजेच्या भाराने धूळ ओढून घेणाऱ्या पट्ट्या, म्हणजे स्थिरविद्युत अवक्षेपक, यांतील बहुतेक कण पकडतात. पकडलेली राख वापरली न गेल्यास पाण्यात कालवून नळांनी बंधाऱ्याकडे पाठवली जाते. विदर्भात तिला ‘राखड’ म्हणतात. पाणी आटले की बंधाऱ्याचा पृष्ठभाग सुकतो, आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, जेव्हा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा वाऱ्याच्या झोताबरोबर ही राखड उठते. गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणि वाळवणाच्या कुरडया पुन्हा झटकाव्या लागतात. चुलीच्या राखेने या भागातील घरांत भांडी घासली गेली, तीच कीड लागू नये म्हणून धान्यातही घातली गेली. राखडीला घरात असे कोणतेच काम नाही.

तिला काम आहे ते कारखान्यात. रोमन लोक नेपल्सजवळची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून पाण्यातही घट्ट होणारा गिलावा करीत, आणि आपल्याकडचे गवंडी त्याच हेतूने चुन्यात विटांची सुरखी घालीत. कोळशाच्या राखेतील काचही चुन्याशी तशीच संयोग पावते. म्हणून घुग्गुस, गडचांदूर आणि आवारपूर या परिसरातील सिमेंट उद्योग आणि राखेच्या विटा करणारे छोटे कारखाने हे तिचे स्वाभाविक गिऱ्हाईक ठरले. एकाच जिल्ह्यात चुनखडी, कोळसा आणि राख असणे हा योग दुर्मीळ आहे, आणि त्याचा लाभ घेण्यात झालेला उशीर समर्थनीय नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक परिसरांचे प्रदूषण मोजले, तेव्हा चंद्रपूरचा निर्देशांक ८३.८८ भरला आणि शहराची गणना अतिप्रदूषित क्षेत्रांत झाली. या आकड्यात खाणी, वाहतूक आणि इतर कारखान्यांचाही भाग होता. हवेतील धुळीचे रोजचे मोजमाप एकूण प्रमाण सांगते, त्यातली राखड किती आणि ती कोणत्या दिशेने येणार हे सांगत नाही. चौदा किलोमीटर उंचीवरच्या राखेविषयी वैमानिकाला जी माहिती काही तासांत मिळते, ती गच्चीवरच्या राखेविषयी रहिवाशाला मिळत नाही. राखेच्या वापराची सक्ती करणारी पहिली अधिसूचना १४ सप्टेंबर १९९९ रोजी, म्हणजे चंद्रपूरचा पहिला संच चालू झाल्यावर सोळा वर्षांनी निघाली. आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपये भरपाई आकारण्याची तरतूद ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने केली.