केबल स्वस्त की महाग? बोईसर-तारापूरच्या हवेतला निराळा हिशेब

घरात नवा ध्वनिसंच आणायचा ठरला, की ग्राहक महिनाभर स्पीकर आणि ॲम्प्लिफायर यांची चौकशी करतो, चार दुकाने पालथी घालतो, घासाघीस करतो. पैसे मोजायची वेळ आली, की विक्रेता सहज विचारल्यासारखे विचारतो, ‘केबल कोणती देऊ?’ काउंटरवर दोन वेटोळी येतात. एक शंभर-दोनशे रुपयांत जाणारे. दुसरे जाडजूड, विणलेल्या आवरणाचे, टोकांना सोनेरी पिना असलेले आणि किमतीने काही हजारांच्या घरातले. ‘साहेब, हिच्यात आवाज खुलतो,’ हे वाक्य दुसऱ्या वेटोळ्याबरोबर येतेच. १६ एप्रिल २०१३ रोजी उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या आणि पालघर-बोईसरच्या ग्राहकाला लॅमिंग्टन रोडची, म्हणजे आताच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाची, बाजारपेठ अधिकच जवळची झाली. तिथे तर असली वेटोळी शेकड्यांनी टांगलेली असतात. मुंबईच्या ग्राहकाला या प्रश्नाचे जे उत्तर द्यावे, तेच बोईसरच्या ग्राहकाला जसेच्या तसे देता येत नाही. त्याचे कारण संगीतात नसून हवेत आहे.

प्रथम सर्वांना लागू पडणारा भाग पाहू. स्पीकरच्या तारेचे काम एकच, ॲम्प्लिफायरने दिलेला विद्युतप्रवाह वाटेत फारसा न गमावता स्पीकरपर्यंत पोहोचवणे. या कामात तारेची जाडी आणि लांबी या दोनच गोष्टींना खरे महत्त्व आहे. जाडी आपल्याकडे चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात. वायरमन तिलाच ‘दीड एमएम’, ‘अडीच एमएम’ म्हणतो. दिवाणखान्यात मागच्या भिंतीवरच्या स्पीकरपर्यंत, दाराच्या चौकटीला वळसा घालून, दहा मीटर तार लागते असे धरू. प्रवाहाला जाऊन परत यायचे असल्याने हिशेब वीस मीटरचा. अर्ध्या एमएमच्या तारेचा विद्युतरोध तेवढ्या लांबीत सुमारे ०.७८ ओहम भरतो, दीड एमएमचा ०.२७ आणि अडीच एमएमचा ०.१६ ओहम. स्पीकर आठ ओहमचा असेल, तर पहिल्या तारेत आवाजाची पातळी सुमारे ०.८ डेसिबलने घटते, दुसरीत ०.३ डेसिबलहूनही कमी. एक डेसिबलच्या आसपासचा बदल माणसाचा कान जेमतेम टिपतो. मात्र स्पीकर चार ओहमचा असेल, तर अर्ध्या एमएमच्या तारेतली घट दीड डेसिबलवर जाते. शिवाय स्पीकरचा रोध प्रत्येक स्वराला सारखा नसतो, त्यामुळे बारीक तारेत काही स्वर अधिक दबतात, काही कमी. होम थिएटरच्या खोक्यात फुकट येणारी केसासारखी तार बदलावी, ही सूचना म्हणूनच रास्त आहे. पण ती बदलून दीड किंवा अडीच एमएमची साधी तांब्याची तार घातली, की सुधारणेला वाव जवळजवळ संपतो.

‘ऑक्सिजनमुक्त तांबे’ हा शब्द जाहिरातीत ठळक छापलेला असतो. असे तांबे खरोखरच तयार होते आणि उद्योगांत त्याचे उपयोगही आहेत. परंतु नेहमीच्या विजेच्या तारेतील तांब्याशी तुलना करता विद्युतवाहकतेतील फरक जेमतेम एक टक्का पडतो. तार दोन हात आखूड कापली तरी तो भरून निघतो.

मग हजारांच्या केबलचा व्यवसाय उभा राहिला कसा? अमेरिकेत नोएल ली या अभियंत्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘मॉन्स्टर केबल’ हा व्यवसाय सुरू केला, तोवर लोक दिव्याची साधी दुपदरी वायरच स्पीकरला जोडत. हे ली गृहस्थ त्याआधी लॉरेन्स लिव्हरमोर या अण्वस्त्र प्रयोगशाळेत लेझरच्या साहाय्याने अणुसंमीलन घडवण्याच्या प्रकल्पावर काम करत होते. अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीत राहणाऱ्या बोईसरकरांना या योगायोगाची गंमत वाटावी. जाड तार बारीक तारेहून बरी, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. पुढे बाजाराने त्या खरेपणावर मजल्यांवर मजले चढवले. २००७ साली ‘पेअर’ नावाच्या कंपनीच्या बारा फुटी केबल-जोडीची किंमत ७,२५० डॉलर होती. ही केबल आणि साधी चांगली केबल यांतील फरक न पाहता, केवळ ऐकून ओळखून दाखवा, असे आव्हान जादूगार आणि चिकित्सक जेम्स रँडी यांनी दिले आणि त्यासाठी आपले दहा लाख डॉलरचे बक्षीस देऊ केले. ते बक्षीस कोणालाही मिळाले नाही.

ही परीक्षा घरीही घेता येते. दोन्ही तारा जोडून पाहण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे, आपण पाठ फिरवून बसावे, आवाजाची पातळी मुळीच बदलू देऊ नये आणि दहा वेळा ‘कोणती तार’ ते कागदावर लिहावे. नुसत्या अंदाजाने सरासरी पाच उत्तरे बरोबर येतील. नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता, केवळ नशिबावर, शंभरात एकाच्या आसपास आहे. विक्रेत्याने ही परीक्षा द्यायला नकार दिला, तर ग्राहकाने काय समजायचे ते समजावे.

आता बोईसरकडे वळू. ध्वनिसंचाची तार मधोमध सहसा बिघडत नाही. ती टोकांना बिघडते. मुंबई-पालघरच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना पारदर्शक आवरणाची स्पीकर-वायर वर्षा-दोन वर्षांत टोकाकडून हिरवी पडत गेलेली आठवत असेल. हा तांब्याचा गंज. देवघरातल्या तांब्याच्या तांब्याला चिंचेने घासावे लागते, तीच ही तक्रार. बोईसर स्थानकाच्या पश्चिमेला औद्योगिक वसाहत आहे आणि तिच्यापलीकडे समुद्र. समुद्राच्या वाऱ्याबरोबर मीठ येते, आणि हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मिठाचा कण हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळतो. पावसाळ्याचे चार महिने आणि त्यानंतरच्या कित्येक रात्री इथली हवा तशीच असते. त्या खारट ओलाव्यात रासायनिक कारखान्यांतून सुटणारे वायू मिसळतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले होते आणि देशातील प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत त्याचा क्रमांक पहिला होता. हा निर्देशांक हवा, पाणी आणि जमीन या तिन्हींचा असला, तरी पिनांना लागायची ती हवा लागतेच.

अशा ठिकाणच्या कारखान्यांनी आपल्या नियंत्रण-कक्षांसाठी हा प्रश्न केव्हाच मापात बसवला आहे. ‘आयएसए ७१.०४’ या मानकानुसार तांब्याची आणि चांदीची घासून स्वच्छ केलेली पट्टी कक्षात ३० दिवस ठेवतात आणि तिच्यावर गंजाचा किती थर चढला ते मोजतात. तांब्यावर ३०० आंगस्ट्रॉमपेक्षा कमी थर असेल तर हवा सौम्य. २,००० च्या पुढे गेला तर उपकरणे तिथे टिकायची नाहीत. घरात आंगस्ट्रॉम मोजता येणार नाहीत. पण तांब्याच्या तारेचा एक लखलखीत घासलेला तुकडा संचामागे, एक कपाटात बंद डबीत, असे महिनाभर ठेवून दोहोंचा रंग पाहायला काही खर्च नाही. ज्या घरात बाहेरचा तुकडा काळवंडतो, त्या घरातच सोनेरी पिनेला अर्थ आहे.

सोन्याचा मुलामा आवाज गोड करतो, हा समज चुकीचा आहे. वाहकतेत तांबे सोन्याच्या पुढेच आहे. सोन्याचा गुण एवढाच, की त्याला गंज चढत नाही. पितळी पातेल्यात ताक कळकू नये म्हणून पूर्वी कल्हई करत, तसाच हा प्रकार. कल्हई ताकाला चव देत नसे, ताक बिघडू देत नसे. आणि कल्हईवाल्याने हात राखून काम केले, तर भांडे महिन्याभरात उघडे पडे, हेही इथे लागू आहे. उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या चांगल्या जोडण्यांवर निकेलचा थर आणि त्यावर पाऊण मायक्रॉनच्या आसपास सोने असते. स्वस्त पिनांवरचा मुलामा याच्या दहाव्या हिश्शाइतका पातळ, कधी तर नुसता सोनेरी रंगच. सूक्ष्म छिद्रांतून खारट ओलावा आत शिरला, की खालचे पितळ हिरवे होऊन वर येते. म्हणून पिन निवडताना तिची चमक पाहू नये. निकेलच्या थराचा आणि सोन्याच्या जाडीचा उल्लेख वेष्टनावर आहे का, पकड घट्ट आहे का, तार पिनेत नीट डाखलेली आहे का, हे पाहावे. चांदीचा मुलामा दिलेली महागडी पिन मात्र या पट्ट्यात घेऊ नये. गंधकयुक्त हवेत चांदी काळी पडते, हे पैंजणे वापरणाऱ्या घराला सांगायला नको. संचाच्या मागचे सॉकेट कथिलाच्या मुलाम्याचे असेल, तर त्यात सोन्याची पिन घालणेही टाळलेले बरे.

थोडक्यात, पैसे टोकांवर खर्चावेत, तारेवर नव्हे. तार म्हणून विजेच्या दुकानातली, भारतीय मानक ‘आयएस ६९४’चे चिन्ह असलेली, तांब्याची दीड किंवा अडीच एमएम वायर पुरते. फसवणूक व्हायची ती इथेच होते. ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ पदर चढवलेली तार ऑडिओ केबल म्हणून सर्रास विकली जाते. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक, आणि खारट हवेत टोक उघडे पडले की ती भुसभुशीत होते. वेटोळे हातात घेताच हलके लागते. कापलेले टोक भिंगाखाली पांढरे दिसते. एक केस गॅसच्या ज्योतीत धरला, तर ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळून गळते, तांबे नुसते लाल होते. घरातली वायर स्पीकरला वापरणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. तिच्या टोकाला भिंतीच्या बोर्डात बसेल अशी दोन पायांची पिन कधीही लावू नये; मुले ती कुठे खुपसतील याचा नेम नसतो.

दोन ठिकाणी मात्र थोडी अधिक किंमत देणे योग्य. मंडळाच्या किंवा शाळेच्या कार्यक्रमात मायक्रोफोनची तार मंचापासून तीस-चाळीस मीटर ओढली जाते. तिथे तीन पायांच्या पिनेची ‘बॅलन्स्ड’ केबलच हवी, कारण तिच्या दोन तारांत शिरलेला विजेचा गुंजारव पलीकडे परस्परांना रद्द करतो. दुसरे ठिकाण म्हणजे टीव्ही आणि संच यांना जोडणारी लांब एचडीएमआय केबल. इथले संकेत अंकीय असल्याने केबलने आवाज ‘गोड’ होत नाही. तो येतो, किंवा तुटतो. दोन मीटरच्या आत साधी केबल चालते. अधिक लांबीला, विशेषतः ४८ गिगाबिट क्षमतेच्या नव्या संचांना, ‘अल्ट्रा हाय स्पीड’चे तपासता येणारे प्रमाणपत्र-लेबल असलेली घ्यावी.

केबल कोणतीही असो, बोईसर-तारापूरच्या घरात वर्षातून दोनदा, मिरगाच्या आधी आणि दिवाळीची साफसफाई काढल्यावर, संच बंद करून प्रत्येक पिन काढून दोन-तीनदा आत-बाहेर करावी. घर्षणाने पापुद्रा निघतो. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडावर घेऊन पुसावे. सोनेरी पिनेला पॉलिश-पेपर लावू नये, मुलामाच निघून जाईल. स्क्रूखाली आवळलेली तांब्याची उघडी टोके सेंटिमीटरभर कापून नव्याने सोलावीत. ती डाख देऊन घट्ट करण्याचा मोह टाळावा. डाखाचा मऊ धातू स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतो आणि जोड ढिला पडतो. त्याऐवजी वायरमनकडून लग दाबून घ्यावेत आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी. दहा मीटर तार ओढताना म्हणूनच हातभर जास्तीची ठेवलेली असावी, कापायला.