उलट घंटी

इचलकरंजींत १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग आणिला आणि गांवाचा कापड-व्यापार दूरच्या पेठांशीं जोडला गेला. पुढें टेलिफोनच्या काळांत परगांवीं बोलावयाचें तर व्यापाऱ्यानें ट्रंक कॉल नोंदवावा, यंत्र खालीं ठेवावें, आणि तार मोकळी होऊन एक्स्चेंजची उलट घंटी वाजेपर्यंत तिष्ठत बसावें, अशी रीत होती.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सामान्य जनांस इंटरनेट खुलें केलें, तेंही टेलिफोनच्याच तारेवरून. त्या डायल-अपच्या दिवसांत कचेऱ्यांतील राउटरला 'कॉलबॅक' शिकवीत: बाहेरून हांक आली कीं त्यानें नांव व परवलीचा शब्द तपासावा, तार तोडावी, आणि आधीं नोंदलेल्या क्रमांकासच स्वतः हांक द्यावी. बिल कचेरीवर पडे. शिवाय परवलीचा शब्द चोरला, तरी उलट घंटी सहसा धन्याच्याच घरीं वाजे.

तारांच्या टंचाईनें लादलेली जी रीत, तिचाच पुढें पहारा झाला, हें आम्हांस विशेष वाटतें.