लॅपटॉपचं साउंडकार्ड हॅम रेडिओला कसं जोडायचं?

हॅम रेडिओवर बोलायला माईक लागतो. त्या माईकच्या जागी लॅपटॉप लावला की झाला डिजिटल मोड! सॉफ्टवेअर तुमचा मजकूर शिट्टीसारख्या आवाजात बदलतं, तो आवाज साउंडकार्डातून रेडिओच्या माईक सॉकेटमध्ये जातो आणि रेडिओ तो हवेत सोडतो. समोरच्या टोकाला हाच प्रवास उलटा होतो. रेडिओला बिचाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. त्याच्या लेखी कुणीतरी माईकसमोर शिट्टी वाजवतंय, एवढंच.

गिरगाव, लालबाग, परळ, दादर या पट्ट्यात राहणाऱ्यांना याचा खास उपयोग आहे. चाळीच्या गॅलरीत किंवा सोसायटीच्या गच्चीवर मोठा अँटेना उभा करता येत नाही. त्यात आजूबाजूचे एलईडी दिवे, चार्जर आणि लिफ्ट यांचा गोंगाट. गणपतीत रोषणाईच्या माळा लागल्या की विचारूच नका. अशा गोंगाटात लांबच्या माणसाचं बोलणं बुडून जातं. एफटी८ हा मोड मात्र टिकतो. स्टीव्ह फ्रँके आणि जो टेलर यांनी तो २०१७ मध्ये आणला. टेलर म्हणजे १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरं आणि आठ स्वर, म्हणून एफटी८. अख्खा सिग्नल ५० हर्ट्झमध्ये मावतो आणि गोंगाटापेक्षा साधारण २० डेसिबल खाली असला तरी सॉफ्टवेअर तो उलगडतं. मोबदल्यात एका संदेशात फक्त ७७ बिट मिळतात. म्हणजे कॉलसाइन, ठिकाण आणि सिग्नलचा रिपोर्ट, संपलं. गप्पा मारायच्या असतील तर पीएसके३१ वापरा.

ठिकाण चार अक्षरांच्या ग्रिडने सांगतात, आणि इथे एक गंमत आहे. १९ अंश उत्तर अक्षांशाची रेषा परळच्या आसपास मुंबईला कापते. त्यामुळे गिरगाव आणि लालबाग एमके६८ मध्ये, तर दादर एमके६९ मध्ये! सॉफ्टवेअरमध्ये ग्रिड भरताना हे तपासून घ्या.

सरळ वायर का जोडू नये?

जोडली तर बऱ्याचदा चालतेही. पण लॅपटॉपचा चार्जर आणि रेडिओचा पॉवर सप्लाय हे दोन्ही भिंतीतल्या अर्थिंगला जोडलेले असतात. त्यात तुमची ऑडिओ वायर आली की एक बंद वर्तुळ तयार होतं आणि सिग्नलवर ५० हर्ट्झची घरघर चढते. जुन्या इमारतीत अर्थिंगच धड नसेल तर दोन्ही उपकरणांच्या बॉडीमध्ये व्होल्टेजचा फरक असतो, आणि तो साउंडकार्डातून वाट काढतो. चाळीस हजारांचा लॅपटॉप अशा वायरीच्या भरवशावर सोडू नये.

उपाय स्वस्त आहे. येण्याच्या आणि जाण्याच्या वाटेवर ६००:६०० ओहमचा एकेक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावा. आवाज चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, तारा एकमेकींना भिडतच नाहीत. ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडवर फेरी मारलीत तर हे सगळे सुटे भाग एका दुपारी गोळा होतात.

दुसरा प्रश्न आवाजाच्या पातळीचा. साउंडकार्ड साधारण एक व्होल्टपर्यंत देतं, माईकच्या सॉकेटला मात्र काही मिलिव्होल्टच पुरतात. म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या रेडिओकडच्या बाजूला १० किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत आणि त्यापुढे १०० ओहमचा ग्राउंडला लावा. सिग्नल शंभरपट कमी होतो. पुढे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच, कारण माईकच्या पिनवर बऱ्याचदा डीसी व्होल्टेज असतं.

लॅपटॉपला एकच जॅक असेल तर यूएसबी साउंडकार्ड घ्या. माझं मत विचाराल तर दोन जॅक असले तरी घ्या. विंडोजचा ‘टिंग’ लॅपटॉपच्या स्पीकरवर राहतो, जगभर प्रसारित होत नाही.

बटण कोण दाबणार?

पाठवताना रेडिओचं पीटीटी दाबावं लागतं. व्हॉक्स असेल तर आवाज आला की रेडिओ आपोआप पाठवू लागतो. पण मला यूएसबी-सीरियल कन्व्हर्टरची आरटीएस पिन जास्त भरवशाची वाटते. तिथून १ किलोओहममधून पीसी८१७ ऑप्टोकपलरच्या एलईडीला करंट द्या, पलीकडचा ट्रान्झिस्टर पीटीटी आणि ग्राउंड जोडतो. इथेही विद्युत संबंध शून्य. लॅपटॉप चालू होताना ही पिन कधी कधी क्षणभर वर जाते, त्यामुळे रेडिओ सगळ्यात शेवटी चालू करायचा.

हैदराबादच्या अशहर फरहान यांचा यूबिटएक्स असेल तर काम आणखी सोपं. त्याच्या कंट्रोलर बोर्डला यूएसबी केबल लावली की तो लॅपटॉपसमोर येसू एफटी-८१७ असल्याचं सोंग घेतो, आणि फ्रिक्वेन्सी व पीटीटी दोन्ही सॉफ्टवेअरच्या हाती येतात.

आवाज कमी ठेवा

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. पॉवर वाढेल म्हणून आवाज वाढवला की सिग्नल कापला जातो. ६०० हर्ट्झच्या स्वराचे १२०० आणि १८०० वर भाऊबंद उगवतात आणि तुम्ही एकटेच तीन जणांची जागा अडवता. ज्यांचे सिग्नल आधीच क्षीण आहेत त्यांचे संपर्क तुमच्यामुळे तुटतात. म्हणून रेडिओचा एएलसी काटा हलणार नाही इतपतच आवाज द्या आणि स्वर १५०० ते २००० हर्ट्झमध्ये ठेवा. मग दुप्पट स्वर ३००० किंवा त्यावर जातो आणि रेडिओचा फिल्टरच तो अडवतो. विंडोजमधली माईकची सगळी ‘सुधारणा’ बंद करा, ती सिग्नल बिघडवते.

एफटी८ मध्ये दर १५ सेकंदांचा डाव असतो आणि त्यातले १२.६४ सेकंद रेडिओ सलग पूर्ण ताकदीने पाठवतो. बोलताना मध्ये श्वास असतो, इथे नसतो. त्यामुळे पॉवर कमाल क्षमतेच्या निम्म्याहून कमी ठेवा आणि हीटसिंकला अधूनमधून हात लावून बघा. घड्याळ इंटरनेटवरून जुळवा. फरक एक सेकंदाच्या आत ठेवा; तो फार वाढला की समोर सिग्नल दिसत असूनही काही उलगडत नाही.

पाठवताना माउस गोठला किंवा यूएसबी तुटली तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. गॅलरीतला अँटेना लॅपटॉपच्या अगदी जवळ असतो आणि रेडिओलहरी केबलवरून आत येतात. यूएसबी केबलवर फेराइट क्लिप लावा, कोॲक्सचे काही वेढे फेराइट रिंगमधून घ्या.

पाठवायला परवाना लागतोच. पॉवर, बँड आणि मोड तुमच्या श्रेणीत बसतात का ते नियमावलीत बघून घ्या. तोवर फक्त येणारी वाट जोडा, रेडिओ २० मीटरवर १४.०७४ किंवा ४० मीटरवर ७.०७४ मेगाहर्ट्झवर लावा आणि यूएसबी निवडा. हे यूएसबी म्हणजे अपर साइडबँड, केबल नव्हे! ४० मीटरवर बोलायला लोअर वापरतात, पण एफटी८ तिथेही अपरवरच चालतं. लॅपटॉप एकदा चार्जरवर आणि एकदा बॅटरीवर चालवून बघा. चार्जर काढल्यावर स्क्रीनवरचे पट्टे नाहीसे झाले, तर अँटेनाला हात लावायच्या आधी चार्जर बदला.